फॅमिलीवरचा उतारा वाचता येतो, पण उत्तरं चुकतात: नेमकं कुठे अडतंय ते असं शोधा

साताऱ्यात शाहूपुरीला मी गेली चौदा वर्षं संध्याकाळी इंग्रजी शिकवते. मुलं सगळी मराठी माध्यमाची, पाचवीपासून दहावीपर्यंतची. काही पोवई नाक्याकडून सायकलवर येतात, काही कोरेगावच्या बाजूने एसटीने. दरवर्षी पहिल्या घटक चाचणीनंतर एखादी आई पेपर घेऊन येते आणि म्हणते, "मॅडम, वाचतोय तर घडाघडा, मग उत्तरं का चुकतात?" पेपर उघडला की उतारा बहुतेक वेळा कुटुंबावरचा निघतो. आजी, मामा, सुट्टी, घरातली कामं. ज्वालामुखीवरचा उतारा ज्याला बरा गेला, तोच मुलगा इथे अडलेला असतो. याचं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली. विषय अनोळखी असला की मूल उतारा वाचतं. विषय घरचा दिसला की उतारा राहतो बाजूला आणि ते स्वतःचं घर वाचायला लागतं.

लक्षणं

यातली दोन-तीन दिसत असतील तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत.

- प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात सापडला की ती अख्खी ओळ उतरवली जाते. उताऱ्यात "आय हेल्प माय मदर" असेल, तर "हू हेल्प्स द मदर?" याचं उत्तरही "आय हेल्प माय मदर" असंच येतं.
- कोण कोणाचं कोण लागतं, यात गोंधळ होतो. भाच्याचा पुतण्या होतो, आजोबांचे वडील "महान आजोबा" होतात.
- "खरे की खोटे"मध्ये कायम निम्मी बरोबर, निम्मी चूक. याचा अर्थ मूल अंदाजाने लिहीत आहे.
- उताऱ्यात नसलेली गोष्ट उत्तरात येते, आणि मूल ठामपणे सांगतं की ती उताऱ्यात होती.
- एवढं सगळं चुकलं तरी मोठ्याने वाचन मात्र छान असतं. पालकांची फसगत इथेच होते.

तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे मांडल्या आहेत. क्रम मोडू नका, कारण दोन मिनिटांत सापडणाऱ्या दोषासाठी सहा महिने शब्द पाठ करून घेणारे पालक मी पाहिले आहेत. पहिल्या दोन तपासण्यांना तुम्हाला इंग्रजी यायचीही गरज नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. त्याआधी मराठी शाळेत गेलेल्या बहुतेक आई-वडिलांनी एबीसीडी पाचवीत गिरवली, त्यामुळे मुलाचं इंग्रजीचं पुस्तक हातात घ्यायला ते कचरतात. कचरू नका.

पहिली तपासणी: प्रश्न मराठीत सांगायला लावा

उतारा झाका. फक्त प्रश्न दाखवा आणि विचारा, "यात तुला काय विचारलंय?" उत्तर नको, प्रश्नच मराठीत सांगायचा. हू म्हणजे कोण, हूज म्हणजे कोणाचा, व्हेअर कुठे, व्हेन कधी, व्हाय का, हाउ मेनी किती. एवढे सहा शब्द एका कागदावर लिहून ठेवले तरी काम भागतं. सगळ्यात जास्त घसरण हू आणि हूज यांच्यात होते. "हूज सन इज इन द आर्मी?" म्हणजे कोणाचा मुलगा सैन्यात आहे. मूल लिहितं मुलाचं नाव, हवं असतं आईचं किंवा वडिलांचं. उतारा पूर्ण समजलेला असतो आणि गुण तरी जातात.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच मुलांचं काम इथेच संपतं. आठवडाभर रोज पाच प्रश्न फक्त मराठीत सांगायचे, उत्तर लिहायचंच नाही.

दुसरी तपासणी: पुस्तक बंद करून गोष्ट सांगायला लावा

मुलाला उतारा एकदा मनात वाचू द्या. मग पुस्तक मिटा आणि म्हणा, "आता आज्जीला सांग काय झालं ते." मराठीत, त्याच्या शब्दांत.

ही तपासणी का लागते, हे स्वतःवर करून पाहा. हे वाक्य वाचा: "द टोमा पिनेटेड अ लूर इन द गॅब." आता प्रश्न: "हू पिनेटेड अ लूर?" तुम्ही म्हणाल, द टोमा. "व्हेअर?" इन द गॅब. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि या वाक्याला काहीच अर्थ नाही, ते मी आत्ता बनवलं. मूल वर्षानुवर्षं असंच शब्दाला शब्द जुळवून पुढे सरकतं. मग "व्हाय" आला, किंवा प्रश्नात उताऱ्यातला शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा घातला, की जुळवायला काही उरत नाही. मोठ्या इयत्तेत गुण अचानक पडतात ते यामुळे.

गोष्ट सांगता आली तर पुढे जा. आली नाही, तर तेवढ्याच लांबीची मराठी गोष्ट वाचायला देऊन तीच परीक्षा घ्या. मराठीतही सांगता आलं नाही तर दोष इंग्रजीचा नाही, वाचलेलं मनात धरून ठेवायची सवय लागलेली नाही. मग महिनाभर मराठीच वाचा. जमलं तर एका रविवारी पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत कपाटं लावली आहेत. मुलाला एक गोष्ट निवडू द्या आणि परतीच्या वाटेवर ती त्याच्याकडून ऐका. खर्च एसटीच्या तिकिटाचा.

तिसरी तपासणी: पेन्सिलीने पुरावा

प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातली ओळ दाखवायला सांगा. "हे कुठे लिहिलंय? बोट ठेव."

स्वतःचं घर वाचणारं मूल इथे सापडतं. उताऱ्यात मुलाची आई नोकरी करते आणि वडील भांडी घासतात, "हू वॉशेस द डिशेस?" याला मूल "मदर" लिहितं, कारण त्याच्या घरी तसंच आहे. उताऱ्यातलं कुटुंब सहा वाजता रात्रीचं जेवतं, मूल नऊ लिहितं. आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांतले वडील सैन्यात किंवा मुंबईला असतात. अशा एका मुलाने "फादर कम्स होम अ‍ॅट सिक्स" ही ओळ वाचूनही वडील दिवाळीला येतात असं लिहिलं. त्याला वाक्य येत होतं. वडील रोज घरी येतात, हे त्याच्या मनाने घेतलंच नाही.

त्याला रागावू नका, उत्तराची जागा दाखवा. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, अशा उताऱ्याला 10 गुण असतात, 2-2 गुणांच्या पाच कृती. पहिल्या चार उताऱ्याच्या आणि शेवटची वैयक्तिक प्रतिसादाची. मी मुलांना सांगते, "चार कृती होईपर्यंत तू त्यांच्या घरी पाहुणा आहेस, फक्त बघ. पाचवीला आपल्या घरी ये आणि पोटभर लिही." पाचवी कृती कोरी सोडणाऱ्या मुलांनाही याचा उपयोग होतो, कारण तिथे स्वतःचं लिहायला परवानगी आहे हेच त्यांना माहीत नसतं. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. चार पर्यायांतला एक आपल्या घरात खरा असतो, पण उताऱ्यात नसतो.

चौथी तपासणी: तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या

तोच उतारा मोठ्या भावंडाने किंवा शेजारच्या ताईने सावकाश वाचून दाखवायचा, मुलाने पुस्तकाकडे बघायचं नाही. मग तेच प्रश्न तोंडी विचारा.

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 साली मांडलं की वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: छापलेलं अक्षर उलगडता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग होत नाही. ऐकून उत्तरं आली आणि वाचून आली नाहीत, तर अडचण अक्षरांत आहे, थेट आठव्या तपासणीवर जा. ऐकूनही आली नाहीत, तर शब्द आणि वाक्यं यांत आहे, पुढचं ओळीने वाचा. ही फाटाफूट न करता क्लास लावणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून टाकी न बघता भिंत फोडणं.

पाचवी तपासणी: नाती

कुटुंबाच्या उताऱ्यातला खरा चकवा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

इंग्रजीत अंकल एकच. आपल्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, मावशीचे यजमान वेगळे. आत्याच्या यजमानांना तर आपल्याकडे मामाच म्हणतात. मूल "अंकल" वाचतं आणि उन्हाळ्यात ज्याच्या घरी जातं तो मामा डोळ्यांसमोर आणतं. तीन ओळींनी "माय फादर्स ब्रदर" असं आलं तरी मनातलं चित्र बदलत नाही. आन्ट म्हणजे आत्या, मावशी, काकू, मामी. नेफ्यू म्हणजे पुतण्याही आणि भाचाही. सिस्टर-इन-लॉ म्हणजे नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, यातली कुठलीही. कझिन तर सगळ्यात फसवा. आत्येभाऊ, मामेबहीण, चुलतभाऊ, मावसबहीण सगळे त्यात मावतात, मुलगा की मुलगी तेही कळत नाही. पुढच्या वाक्यात "ही" आहे की "शी", ते शोधावं लागतं. मुलं कझिन वाचलं की भाऊ धरून चालतात.

यात घरातल्या हाकांची भर पडते. सहावीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, "माय एल्डर ब्रदर ड्राइव्ह्ज अ टेम्पो अँड पेज माय फीज." मी भाऊच समजले. नंतर कळलं की घरात वडिलांची धाकटी भावंडं त्यांना दादा म्हणतात, म्हणून मुलंही दादा म्हणतात, आणि आईला वहिनी. एकत्र कुटुंबात आपल्याकडे हे घरोघरी आहे. त्या मुलाला इंग्रजी येत होतं, हाक आणि नातं वेगळं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

उपाय स्वस्त आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आधी आपल्या घराचा वंशवृक्ष काढा. प्रत्येक नावाखाली दोन ओळी: मी काय हाक मारतो, आणि नातं काय. मग तिसऱ्या ओळीत इंग्रजी शब्द. हे एकदा झालं की प्रत्येक उताऱ्यातल्या कुटुंबाचा असाच छोटा वृक्ष समासात काढायचा. उतारा वाचताना, नंतर नाही. परीक्षेतही कच्च्या कामाच्या जागी काढता येतो, मिनिटभर लागतो.

काही शब्दांचा अर्थ तुकडे जोडून लागत नाही, ते तसेच पाठ करून घ्या. ग्रँडसन म्हणजे मोठा मुलगा नाही, नातू. ओन्ली चाइल्ड म्हणजे एकुलतं एक. "ब्रॉट अप बाय हर आन्ट" म्हणजे मावशीने किंवा आत्याने वाढवलेली. "लुक आफ्टर" सांभाळणं, "टेक आफ्टर" कोणावर तरी जाणं: "शी टेक्स आफ्टर हर मदर", ती आईच्या वळणावर गेली आहे. या ओळीचं "ती आईच्या मागे जाते" असं भाषांतर मी दरवर्षी वाचते.

सहावी तपासणी: कोण, कोणाचं, आणि तो नेमका कोणता

तीन वाक्यं देऊन बघा.

"ग्रँडपा टेल्स द चिल्ड्रन स्टोरीज. दे लाफ अ लॉट." कोण हसतं? आपली मुलं सांगतात, आजोबा. कारण मराठीत आजोबांना आपण "ते" म्हणतो, आणि "दे" म्हणजे "ते" हे पाठ असतं. इंग्रजीत आजोबांनाही "ही"च. "दे" दिसलं की एकापेक्षा जास्त माणसं शोधायची, हा नियम पक्का करून घ्या.

"माय फादर्स सिस्टर्स सन." याचा क्रम मराठीसारखाच आहे: माझ्या वडिलांच्या बहिणीचा मुलगा. डावीकडून वाचत जावं. पण "द सन ऑफ माय फादर्स सिस्टर" असं आलं तर आधी "ऑफ"च्या पुढचं वाचायचं आणि मग मागे यायचं. "ऑफ"खाली उलटा बाण काढायची सवय लावली की हे पंधरा दिवसांत बसतं.

"द वुमन हू लिव्ह्ज नेक्स्ट टू माय आन्ट इज अ नर्स." नर्स कोण? बहुतेक जण आन्ट म्हणतात, कारण "इज अ नर्स"च्या लगेच आधी आन्ट आहे. मराठीत आपण "जी बाई माझ्या मावशीशेजारी राहते, ती नर्स आहे" असं म्हणतो, "ती" आपल्याला हात धरून परत बाईकडे नेते. इंग्रजीत परत नेणारं कोणी नाही. म्हणून "हू"पासून "आन्ट"पर्यंतचा भाग पेन्सिलीने चौकटीत टाका आणि उरलेलं वाचा: द वुमन इज अ नर्स.

सातवी तपासणी: उताराच जड आहे का

शंभर शब्दांचा उतारा घ्या आणि न येणारे शब्द मोजा. एक-दोन असतील तर मूल एकटं वाचू शकतं. पाचपर्यंत असतील तर शेजारी बसून वाचा. त्याहून जास्त असतील तर ठेवून द्या, त्या उताऱ्याचा सराव वाया जातो. मूल समजून घ्यायचं सोडून पुन्हा शब्द जुळवायला लागतं, म्हणजे दुसऱ्या तपासणीतला दोष आपणच तयार करतो. आठवीच्या मुलाला सहावीचं पुस्तक द्यायला लाजू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इथून पुढे मात्र वेळ लागतो, रोज अर्धा तास धरला तरी दोन-तीन महिने.

आठवी तपासणी: अक्षरं

मूल एन-आय-ई-सी-ई हे "नाइस" वाचतं, आणि भाची "छान" होऊन जाते. डॉटरमधलं जी-एच उच्चारायला बघतं, कझिनचं "कौसिन" करतं. घडाघडा वाचणारी मुलंही पाठ झालेला धडा म्हणत असतात. खात्री करायची तर न पाहिलेला परिच्छेद द्या. दर दोन शब्दांना अडलं तर रोज दहा मिनिटं अक्षरगट घोटावे लागतील: जी-एच कुठे मुका असतो, ओ-यू चे उच्चार किती, शेवटचा ई काय करतो. हे काम महिन्यांचं आहे आणि रोज करायचं आहे. घरी जमत नसेल तर शिक्षकांकडे सोपवा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

वाचताना ओळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, डोकं दुखतं, पुस्तक नाकाशी धरलं जातं: आधी नेत्रतज्ज्ञ, मग उतारे. चौथ्या तपासणीत मूल सतत "काय?" विचारत असेल तर कानही तपासून घ्या.

चौथी-पाचवीत येऊनही मूल मराठीसुद्धा अक्षर लावत वाचत असेल, जोडाक्षरं गाळत असेल, तोंडी हुशार आणि लेखी कोरं असेल, तर तो आळस समजू नका. ती अध्ययन अक्षमता असू शकते. तिचं निदान मानसतज्ज्ञ चाचण्या घेऊन करतात, तुम्ही-आम्ही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. सुरुवात शाळेतून करा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांपर्यंत मुख्याध्यापक तुम्हाला पोचवू शकतात. हे दहावीच्या जानेवारीत करायचं काम नाही.

आणि एक खूण अशी आहे जी मी एकदा चुकवली. सातवीतली एक मुलगी, बाकी सगळे उतारे उत्तम, फक्त कुटुंबाचा आला की पान कोरं. मी तिला दोन आठवडे कुटुंबाचेच उतारे दिले, सराव कमी पडतोय असं समजून. तिची आई त्या उन्हाळ्यात गेली होती, आणि मी चौकशी केली नव्हती. त्या दोन आठवड्यांचं मला अजून वाईट वाटतं. मूल एकाच विषयावर गप्प होत असेल, तर इंग्रजी बाजूला ठेवा. उतारा बदला: कास पठार, कृष्णा नदी, बाजाराचा दिवस, काहीही. वर्गशिक्षकांशी बोला, पण मुलासमोर नाही. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना सांगा. घरात मारहाण किंवा त्याहून गंभीर काही असल्याची शंका आली, तर 1098 हा मुलांसाठीचा फुकट क्रमांक आहे. तिथे फोन करायला शिक्षक असावं लागत नाही, शेजारीही करू शकतात.